आईच्या मशीनपर्यंतची तार

आईच्या नाकातली नळी न्हाणीघराच्या दारापर्यंत पोचायची आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत. त्यापुढे नाही. गॅलरीत जायचं तर मशीन ढकलत न्यावं लागे, आणि मशीनची चाकं फरशीच्या सांध्यांत अडकायची. म्हणून ती जातच नसे. तिच्या पलंगाशेजारी ते मशीन दिवसरात्र धापा टाकत उभं असायचं. हवा आत ओढायची, तिच्यातला ऑक्सिजन वेगळा करायचा आणि नळीतून आईला द्यायचा, एवढं त्याचं काम. त्याच खोलीत खिडकीजवळ माझं टेबल होतं. हिंजवडीतल्या ऑफिसने मला घरून काम करायची सवलत दिली होती आणि ती कधीही काढून घेता येते याची आठवणही प्रत्येक तिमाहीला करून देत होतं. मीटिंगमध्ये मी बोलू लागले की पलीकडून कुणीतरी विचारायचंच, "तुमच्याकडे काही मशीन चालू आहे का?"

"सांग त्यांना, आई चालू आहे," आई मागून म्हणायची.

आई महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवायची. आमच्या घराण्यात विज्ञानाची पदवी घेणारी ती पहिली. आजोबा खडकीच्या एका कारखान्यात कामाला होते. त्यांच्या तरुणपणी घराने बौद्ध धम्म स्वीकारला, आणि मुलीला शिकवायचं हे तेव्हाच ठरलं, असं आई सांगायची. दहावीच्या वर्गांना तिने आयुष्यभर वीज शिकवली: विभवांतर, धारा, रोध. मग फुप्फुसं हळूहळू कडक होत गेली. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं आणि शेवटी म्हणाले, आता घरी ऑक्सिजन लावायचा. कायमचा.

मशीन आलं त्या दिवशी आईने मला त्याच्या पाठीवरची पट्टी वाचायला लावली. दोनशे तीस व्होल्ट, साडेतीनशे वॅट.

"मग धारा किती?"

"आई, मी चाळिशी ओलांडलीये."

"वॅट भागिले व्होल्ट. चाळिशीत बदलत नाही ते."

दीड ॲम्पिअरच्या जरा वर आलं. मग मी शहाणपणा करून व्होल्टला ॲम्पिअरने भागलं आणि म्हटलं, म्हणजे या मशीनचा रोध झाला दीडशे ओहम. आईने मान हलवली. "गिझर असता तर बरोबर होतं. ही मोटर आहे. सुरू होताना ती कितीतरी जास्त ओढते, मग शांत होते. तिचा असा एकच रोध धरून चालायचं नाही." एवढं बोलल्यावर तिला दम लागला. पुढचं वाक्य तिने हातानेच सांगितलं: लिहून ठेव.

मी काही लिहिलं नाही, पण त्या दिवसापासून घराकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. धायरीत उन्हाळ्यात व्होल्टेज पडतं. सगळीकडे एसी सुरू झाले की संध्याकाळी दिवे पिवळट होतात, पंखा आळसावतो, आणि एका मर्यादेखाली गेलं की आईचं मशीन लाल दिवा लावून किंचाळायला लागतं. प्लगमध्ये खोचायचं एक छोटं मीटर मी ऑनलाइन मागवलं. त्यावर व्होल्ट, ॲम्पिअर, वॅट असे आकडे दिसायचे. मी कामाच्या मधेमधे त्याकडे बघायचे, लोक मोबाईलकडे बघतात तसं. मशीन चालू असताना इस्त्री करायची नाही. गिझर आणि मिक्सर एकत्र नाहीत. पाहुणे आले आणि कुणी सहज एखादं बटण दाबलं की मी आधी मीटर बघायला धावायचे. बाहेर भाजी आणायला गेले तरी माझं लक्ष दुकानातल्या ट्यूबलाइटकडे. ती लुकलुकली की मेथीची जुडी तिथेच टाकून मी घराकडे निघायचे.

मैत्रिणी म्हणायच्या, एखादी बाई ठेव, दोन दिवस कुठेतरी जाऊन ये. बाई ठेवून बघितली होती. तिने मशीनचा अलार्म वाजला तेव्हा कर्कश वाटतो म्हणून प्लगच काढून ठेवला. आई म्हणाली, "हेतू चांगला होता." त्यानंतर मी कुठे गेले नाही.

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काका-काकूंशी आमचं बोलणं नव्हतं. आम्ही राहायला आलो तेव्हा काकू डब्यात चिवडा घेऊन आल्या होत्या. सोफ्यावर बसून सगळी चौकशी केली आणि म्हणाल्या, "आडनावावरून काही कळत नाही हो तुमचं."

"कळून काय करणार आहात?" आईने विचारलं. अगदी शांतपणे.

काकू हसल्या, उठल्या. डबा धुऊन मीच परत द्यायला गेले तेव्हा त्यांनी तो दारातच घेतला. पुढे जिन्यातल्या चपलांच्या रॅकवरून, कुंडीतून सांडलेल्या पाण्यावरून सोसायटीच्या फलकावर चिठ्ठ्या लागायच्या. 'काही सदनिकाधारकांनी कृपया लक्षात घ्यावे.' मजल्यावर सदनिका दोनच. लक्षात कुणी घ्यायचं हे उघड होतं.

तो दिवस मे महिन्यातला. रस्त्याच्या कामासाठी कुठेतरी खणत होते आणि त्यांनी केबल तोडली. दुपारी जेवण होऊन आई जरा पडली होती, तोच पंखा थांबला. इन्व्हर्टरने लगेच सूत्रं हातात घेतली आणि मशीन चालू राहिलं. मी खाली वॉचमनला फोन केला. तो म्हणाला, "एक फेज गेलाय मॅडम. निम्म्या लोकांकडे लाइट हाय. लिफ्ट पण बंद हाय." जनरेटर? जनरेटर नादुरुस्त होता. तो नादुरुस्त आहे याची नोटीसही फलकावर पिवळी पडली होती.

मी आईला म्हटलं, "इन्व्हर्टर आहे, काळजी नको."

"बॅटरी किती व्होल्टची?" आईने डोळे न उघडता विचारलं.

बारा व्होल्टची. मग साडेतीनशे भागिले बारा. घराच्या तारेतून जेमतेम दीड ॲम्पिअर घेणारं मशीन बॅटरीकडून तीस मागत होतं. शिवाय इन्व्हर्टर स्वतः खातो ते वेगळं. बॅटरी नवी असती तर संध्याकाळपर्यंत निभावलं असतं. ती नवी नव्हती. मी घरातले सगळे दिवे, राउटर, पंखा बंद केला. ऑफिसची मीटिंग मधेच तुटली. उकाड्यात आम्ही दोघी त्या मशीनचा आवाज ऐकत बसलो. एरवी नकोसा झालेला तो आवाज त्या वेळी थांबू नये एवढंच मला वाटत होतं.

वीज कंपनीचा फोन लागेना. सिलिंडरवाल्याचा लागला. आमच्याकडे एक छोटा सिलिंडर अडीअडचणीसाठी होता, पण तो अर्ध्यावर आलेला. तो दुसरा पाठवतो म्हणाला, आणि मग थोड्या वेळाने, गाडी सिंहगड रोडला अडकलीये म्हणाला. ॲम्ब्युलन्स बोलवावी का? आली असती, पण सहाव्या मजल्यावरून लिफ्टशिवाय आईला उतरवायचं कसं? दहा पावलं चालली तरी तिच्या ओठांचा रंग बदलायचा. मी खिडकीतून खाली बघितलं. समोरच्या इमारतीची भिंत, तिच्यावरचे पाइप, खाली वाळत घातलेल्या चादरी. आमच्या दोन्ही खोल्यांमधून एवढंच दिसायचं. सहा मजले वर असून आपण खड्ड्यात आहोत असं मला वाटलं.

इन्व्हर्टर टुक टुक करू लागला आणि मग गप्प झाला. मशीनही गप्प झालं. त्या शांततेने आई दचकली. मी सिलिंडरची नळी तिला लावली, काटा बघितला आणि समोरच्या दारावर थाप मारली.

काकूंच्या हॉलमध्ये पंखा फिरत होता. टीव्ही चालू होता.

"काकू, आमचा फेज गेलाय. आईचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं. तुमच्याकडून एक वायर ओढू का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे आमच्या उघड्या दाराकडे. "घे ना, घे," त्या म्हणाल्या. "तो टीव्हीमागचा प्लग घे. चपला काढून ये पण."

आमच्याकडे गुंडाळीची एक जुनी एक्स्टेंशन होती, दिवाळीच्या माळांना वापरायचो ती. टीव्हीमागून त्यांचा हॉल, जिना, आमचा हॉल, पॅसेज असं करत ती आईच्या खोलीपर्यंत आणली. शेवटाला मीटर खोचलं. दोनशेच्या जरा खाली. कमीच, पण चालण्याजोगं. मी मशीन लावून बटण दाबलं. ते घुरघुरलं, थरथरलं, जड गाडी चढाला लागल्यासारखं कण्हलं आणि लाल दिवा लावून ओरडायला लागलं. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

"काय दिसलं मीटरवर?" आईने विचारलं. ती उशांना टेकून बसली होती. बोलताना प्रत्येक दोन शब्दांनी थांबत होती.

"व्होल्टेज एकदम पडतं. तीसेक व्होल्टने."

"आणि धारा?"

"दहापर्यंत जाते."

"तीस भागिले दहा."

"आई, आत्ता नको ना."

"आत्ताच. तीस भागिले दहा."

"तीन."

"तीन ओहम. तुझ्या त्या माळेच्या वायरमध्ये आणि त्यांच्या वायरिंगमध्ये." ती थांबली, श्वास घेतला. "आता तिथे जळते किती ते काढ. धारेचा वर्ग गुणिले रोध."

दहाचा वर्ग शंभर. शंभर त्रिक तीनशे. तीनशे वॅट. मशीनला चालायला जेवढं लागतं जवळजवळ तेवढंच त्या सुरुवातीच्या क्षणी वाटेतच खर्ची पडत होतं. मी गुंडाळीला हात लावला. कोमट लागली.

"जाड वायर आणते," मी म्हटलं. "खाली इलेक्ट्रिकचं दुकान आहे."

"बंद असेल. दुपार आहे. पुण्यात आहेस तू."

ते खरं होतं. मी सिलिंडरचा काटा बघितला. बघू नये असं वाटत होतं, तरी पुन्हापुन्हा बघत होते. डोकं चालेना. त्या खोलीत तापलेल्या रबराचा वास येत होता आणि माझ्या पाठीवरून घाम वाहत होता. ऑफिसमधून फोन येत होता, तो मी पालथा घातला. आपण आता काहीही केलं तरी या चार भिंतींच्या बाहेर पोचत नाही, असं वाटून मी पलंगाच्या कडेवर नुसती बसले.

"रोध कमी करायचा तर दोनच गोष्टी," आई म्हणाली. वर्गात बोलायची तसा आवाज, फक्त फार बारीक झालेला. "तार जाड कर, नाहीतर आखूड कर."

"आखूड केली तर इथवर पोचणार कशी?"

तिने नाकातली नळी बोटांत धरली. माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्या लक्षात आलं. मी म्हटलं, "मशीन तिकडे ठेवून नळीच इकडे ओढू. प्लॅस्टिकची तर आहे."

"नळी कुठवर येईल?"

मी मनात मोजलं. त्यांच्या टीव्हीपासून त्यांच्या दारापर्यंत. फार तर जिन्यापर्यंत.

"म्हणजे मी जिन्यात बसायचं," आई म्हणाली. "चपलांच्या रॅकशेजारी. चिठ्ठी लागेल. त्यापेक्षा त्यांच्याच घरात बसते." आणि तिने चादर बाजूला सारली.

ती त्या घरात कधी जाईल असं मला वाटलं नव्हतं. मी म्हटलंही, "नक्की?" तिने उत्तर द्यायला श्वास वाया घालवला नाही.

आधी मी मशीन ढकलत नेलं. काकूंनी टीव्हीचं स्टँड सरकवायला मदत केली. मग आईला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं, मांडीवर सिलिंडर दिला. वॉचमन वर आला होता, त्याने आणि मी खुर्ची उचलली. दाराबाहेर पडताना आईने साडीचा पदर नीट केला. बरेच महिने ती आमच्या दाराबाहेर आली नव्हती. जिन्याच्या खिडकीतून ऊन येत होतं, त्यात तिचे हात पांढरेफटक दिसले.

मशीन थेट त्यांच्या भिंतीतल्या प्लगला लावलं, मधे मीटर खोचून. बटण दाबलं. घुरघुरलं, पण याही वेळी सुरू झालं नाही.

आईने वर बघितलं. "घरात एसी चालू आहे का हो?"

"हो, आतल्या खोलीत," काकू म्हणाल्या. "हे झोपलेत."

"बंद करता का? जेमतेम व्होल्टेज आहे, आणि तो आठ ॲम्पिअर ओढतोय."

काकू क्षणभर घुटमळल्या. मग आत गेल्या. मीटरवरचा आकडा हळूच वर सरकला आणि दोनशे ओलांडून पुढे गेला. मी बटण दाबलं. मशीनने एक मोठा हुंकार दिला आणि धापा टाकायला लागलं, नेहमीसारखं. मी आईच्या नाकातली नळी बदलली. थोड्या वेळाने तिच्या बोटाला लावलेल्या, ऑक्सिजन मोजणाऱ्या छोट्या यंत्रावरचे आकडे चढू लागले. मी खाली फरशीवरच बसले आणि तोंडावर हात धरून रडले.

आतून काका बनियनवर बाहेर आले. "एसी कुणी बंद केला?"

"मी सांगितलं," आई म्हणाली.

त्यांनी आईकडे बघितलं, मशीनकडे बघितलं, आत जाऊन सदरा घालून आले आणि पेपर घेऊन बसले. सगळी दुपार आम्ही चौघं त्या हॉलमध्ये घाम पुसत बसलो. काकूंनी टीव्हीचा आवाज बंद केला, चित्र मात्र तसंच ठेवलं. पाणी दिलं. आईने घेतलं. काकूंनी एकदा विचारलं, "त्रास होतो का फार?" आई म्हणाली, "सवय होते. तिला जास्त होतो," आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

त्या घराची गॅलरी पश्चिमेला होती. दार उघडं होतं आणि तिथून सिंहगड दिसत होता, उन्हाने फिका पडलेला, वरच्या टॉवरसकट. आई तिकडे बघत बसली. शाळेच्या सहली घेऊन ती दर वर्षी गडावर जायची. मी कधीतरी तिच्याकडे बघितलं तर ती हसत होती. कुणाकडे बघून नव्हे, नुसतीच.

संध्याकाळी सिलिंडरवाला पायऱ्या चढून आला, आणि तो धापा टाकत असतानाच लाइट आले. वॉचमनने आणि मी आईला परत आणलं. निघताना आईने हात जोडले. काकू म्हणाल्या, "अहो, त्यात काय."

मी एक्स्टेंशन गुंडाळायला परत गेले. त्यांचं दार अजून उघडंच होतं. काकू ओल्या फडक्याने खुर्ची पुसत होत्या. आमची प्लॅस्टिकची खुर्ची मी आधीच आणली होती. ही त्यांची, हात असलेली, जिच्यावर मधे आईला नीट टेकून बसता यावं म्हणून बसवलं होतं. कदाचित पाणी सांडलं असेल. घाम तर सगळ्यांनाच आला होता. खुर्चीचे पाय पुसत होत्या, हात पुसत होत्या, पाठ पुसत होत्या. मला बघून त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "राहू दे वायर, उद्या ने." मी वायर गुंडाळली आणि आले.

आईला मी हे सांगितलं नाही. तिच्या पलंगाशेजारी मशीन पुन्हा उभं राहिलं, मी मीटिंगमध्ये गैरहजर राहिल्याबद्दल मेल लिहिला. त्याच आठवड्यात बॅटरी बदलली आणि सोसायटीच्या कमिटीमागे लागून आमच्या घराला दुसऱ्या फेजची जोडणी करून घेतली. मीटरच्या खोलीपासून वर जाड तार आली. एक फेज गेला तर एक खटका फिरवायचा, की दुसऱ्यावर. इलेक्ट्रिशियन म्हणाला, एवढी जाड कशाला, दीड ॲम्पिअरला? मी म्हटलं, टाका.

"एवढा खटाटोप कशासाठी केलास?" आईने विचारलं. "शेजारी आहेत की. त्या बाई वाटल्या तेवढ्या वाईट नाहीत."

मी हो म्हटलं.

पावसाळा सरल्यावर काकू स्वतः दारात आल्या. "बाई, गड काय हिरवा झालाय. येता का बघायला?" आईने माझ्याकडे बघितलं. मला काहीतरी कारण सांगायचं होतं: मीटिंग आहे, सिलिंडर भरलेला नाही, दमशील. तिन्ही कारणं खोटी होती आणि आईचा चेहरा असा झाला होता की एकही तोंडातून बाहेर पडेना.

मी छोटा सिलिंडर उचलला. ती माझ्या दंडाला धरून, थांबत थांबत, जिना ओलांडून गेली. काकूंनी तीच हातांची खुर्ची गॅलरीजवळ आणून ठेवली. आई बसली आणि बघत राहिली. काकूंनी चहा दिला. मी सिलिंडर धरून तिच्या मागे उभी राहिले. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवायचा होता, तो ठेवला नाही. गडाकडे बघितलं. खरंच हिरवा झाला होता.